पहिले चामडे कोणते घ्यावे: व्हेज-टॅन की क्रोम-टॅन?

चामड्याचे काम छंद म्हणून शिकू पाहणारे बहुतेक जण आधी हत्यारांची यादी करतात आणि चामड्याचा विचार शेवटी करतात. माझ्या मते हा क्रम उलटा असायला हवा. कड कशी पूर्ण करायची, शिवण हाताने घालायची की मशीनवर, नक्षी उठवता येईल की नाही, हे सगळे चामडे कसे कमावले आहे यावर ठरते, आणि हत्यारे त्यामागून येतात. म्हणून येथे व्हेज-टॅन आणि क्रोम-टॅन या दोन मुख्य प्रकारांची तुलना केवळ नवशिक्याच्या गरजा डोळ्यांसमोर ठेवून केली आहे.

व्हेज-टॅन चामडे वनस्पतींतील टॅनिनने कमावले जाते. त्यासाठी ओक, चेस्टनट, मिमोसा, बाभूळ यांसारख्या झाडांची साल किंवा लाकूड, तसेच हिरड्यासारखी फळे वापरतात. या कामाला काही आठवडे लागतात, आणि हौदात मुरवण्याच्या जुन्या पद्धतीत तर वर्षभरही जाऊ शकते. क्रोम-टॅनमध्ये क्रोमियमचे क्षार वापरतात. ऑगस्टस शुल्ट्झ यांनी १८८४ मध्ये अमेरिकेत या पद्धतीचे पेटंट घेतले आणि त्यानंतर ती झपाट्याने पसरली, कारण फिरत्या पिंपांत हेच काम एक-दोन दिवसांत उरकते. आज जगात तयार होणारे बहुतांश चामडे क्रोमनेच कमावलेले असते. टॅनिन तंतूंमध्ये भरून बसते, त्यामुळे व्हेज-टॅन घट्ट, वजनदार आणि काहीसे ताठ असते. क्रोम-टॅनमध्ये फार थोडे क्रोमियमच तंतूंना बांधून ठेवते, त्यामुळे तंतू मोकळे राहतात आणि चामडे मऊ, लवचीक, किंचित ताणले जाणारे होते. पुढचे जवळजवळ सगळे फरक यातूनच निघतात.

पाण्याचे उदाहरण घ्यावे. व्हेज-टॅनचा तुकडा स्पंजने ओला करून थोडा वेळ तसाच ठेवला, की वरचा पृष्ठभाग मूळ रंगाकडे परतू लागतो, पण आतला ओलावा टिकून असतो. याच अवस्थेत त्यावर ठशांनी नक्षी उठवता येते, फिरत्या पात्याच्या सुरीने रेषा कोरता येते, किंवा एखाद्या वस्तूभोवती दाबून साचा घेता येतो, आणि वाळल्यावर तो आकार कायम राहतो. क्रोम-टॅन ओले केले तरी ठसा धरत नाही. दाब निघाला की ते पुन्हा सपाट होते. ज्यांना कोरीवकाम किंवा म्यान, डबी अशा साच्याच्या वस्तू करायच्या आहेत, त्यांच्यासाठी प्रश्न येथेच संपतो. एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. व्हेज-टॅन उष्णतेला क्रोमपेक्षा बरेच कमी टिकते, आणि ओले असताना जास्त तापले तर आक्रसून कडक होते, म्हणून ते सावलीतच वाळवावे.

कडांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण हातकामाचा दर्जा सर्वांत आधी तेथे दिसतो. व्हेज-टॅनची कापलेली कड धारदार असते. कडा गोल करणाऱ्या हत्याराने दोन्ही बाजूंचे कोपरे काढावेत, मग बारीक सँडपेपरने एकमेकांना जोडलेले दोन थर एकजीव दिसेपर्यंत घासावे. त्यानंतर थोडे पाणी किंवा ट्रॅगाकँथ डिंक लावून लाकडी घोटणीने हलक्या दाबाने भराभर घासत राहिले, की सुटे तंतू घर्षणाच्या उष्णतेने आणि दाबाने एकमेकांवर बसतात. आधी खरखरीत, फिकट दिसणारी रेषा हळूहळू गडद, गुळगुळीत आणि काचेसारखी होते. जास्त पाणी घेतल्यास कड फुगून छत्रीसारखी पसरते, म्हणून ओलावा बेताचाच असावा. क्रोम-टॅनची कड अशी घोटता येत नाही. कितीही घासली तरी तंतू पुन्हा पिंजतात. तेथे दोनच मार्ग उरतात: कडेचा रंग पातळ थरांत लावून प्रत्येक थरानंतर घासणे, किंवा कड तासून पातळ करून आत दुमडणे. दोन्ही कामे उत्तम होऊ शकतात, पण समान जाडीने तासणे हे नव्या हाताला सर्वांत अवघड जाणारे कौशल्य आहे आणि बोथट रापीने, म्हणजे चामडे तासायच्या सुरीने, ते अजिबात साधत नाही.

शिवणीतही हाच फरक जाणवतो. दोन सुया आणि एकच दोरा वापरून घातलेल्या खोगीर-टाक्यात दोन्ही टोके प्रत्येक भोकातून आरपार जातात, त्यामुळे एक टाका तुटला तरी शेजारचे टाके लगेच सुटत नाहीत. मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा दोरा केवळ एकमेकांत अडकलेले असतात, म्हणून एक टाका तुटल्यावर शिवण सहज उसवत जाते. व्हेज-टॅनमध्ये भोके पाडण्याच्या काट्याने पाडलेले भोक स्वच्छ आणि जागच्या जागी राहते, तीन ते चार मिलिमीटर अंतरावरचे टाके एका ओळीत तिरपे बसतात आणि चुकले तर लगेच दिसते. शिकण्यासाठी हे स्पष्ट दिसणे फार मोलाचे आहे. मऊ क्रोम-टॅन हाताने शिवता येते, पण दोरा थोडा अधिक ओढला की चामडे चुरगळते. मोठ्या मऊ पिशवीला लांबच लांब शिवणी असतात, आणि तेथे जड कापडासाठीचे मशीन खरोखर उपयोगी ठरते.

टिकाऊपणाबाबत क्रोम-टॅनची बाजू भक्कम आहे. ते पाण्याच्या थेंबांनी सहज डागत नाही, रंग एकसारखा राहतो आणि देखभाल फारशी लागत नाही. व्हेज-टॅन उन्हाने आणि हाताळण्याने गडद होत जाते, आणि अनेकांना हाच बदल प्रिय असतो. पण पाण्याचे डाग पडतात आणि ओले असताना लोखंडाचा स्पर्श झाला तर टॅनिनशी प्रक्रिया होऊन निळे-काळे ठिपके उमटतात, जे घासून जात नाहीत. ओल्या चामड्यावर लोखंडी पट्टी ठेवू नये, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा.

क्रोम-टॅन चामडे त्वचेला अपायकारक असते का, या शंकेचाही उल्लेख करायला हवा. कमावणीत वापरले जाणारे क्रोमियम त्रिसंयुजी (क्रोमियम-३) असते. त्वचेला त्रासदायक असलेले त्याचे दुसरे रूप, षट्संयुजी क्रोमियम (क्रोमियम-६), सदोष प्रक्रियेत किंवा अयोग्य साठवणीत तयार होऊ शकते, म्हणून युरोपीय संघाने २०१५ पासून त्वचेला लागणाऱ्या चामडी वस्तूंत त्याची मर्यादा किलोमागे ३ मिलिग्रॅम ठेवली आहे. ज्यांना क्रोमियमची ॲलर्जी आहे त्यांनी घड्याळाच्या पट्ट्यासाठी व्हेज-टॅनच घ्यावे, आणि क्रोमचे तुकडे कोणीही जाळू नयेत.

खरेदी करताना केवळ नावावर विसंबू नये. ‘जेन्युइन लेदर’ या शिक्क्यावरून कमावणी कळत नाही. कापलेली कड पाहावी: मधला भाग निळसर-करडा असेल तर ते बहुधा क्रोम असते, बदामी किंवा तपकिरी असेल तर बहुधा व्हेज-टॅन. न रंगवलेल्या व्हेज-टॅनवर पाण्याचा थेंब टाकला की तो शोषला जाऊन जागा गडद होते. दोन्ही पद्धती एकत्र वापरून कमावलेले चामडेही मिळते, त्यामुळे विक्रेत्याला थेट विचारणे उत्तम.

माझा कौल स्पष्ट आहे. ज्यांच्याकडे मशीन नाही आणि ज्यांना कार्ड ठेवण्याचे पाकीट, किल्ल्यांचा पट्टा, वहीचे आवरण अशा लहान वस्तू करायच्या आहेत, त्यांनी व्हेज-टॅनपासून सुरुवात करावी. ज्यांच्या मनात मऊ, झुलणारी पिशवी किंवा कपड्यांसाठीचे चामडे आहे आणि ज्यांना शिवणयंत्राची सवय आहे, त्यांनी केवळ परंपरेच्या आदरापोटी व्हेज-टॅन घेऊ नये. ताठ चामड्याची पिशवी तशी झुलत नाही आणि उत्साह नाहक मावळतो.

व्हेज-टॅन घ्यायचे ठरले तर संपूर्ण कातडे न घेता खांद्याकडचा दीड ते दोन मिलिमीटर जाडीचा तुकडा मागावा. पोटाकडचा भाग स्वस्त असला तरी सैल आणि असमान ताणला जाणारा असतो. सरावासाठी तो चालेल, पट्ट्यासाठी नाही. कंबरपट्टा करायचा झाल्यास तीन ते चार मिलिमीटर जाडीचे, पाठीकडचे चामडे घ्यावे आणि पट्टी कण्याला समांतर कापावी, कारण त्या दिशेने ते सर्वांत कमी ताणले जाते.