पहाटेच्या बॅचला चार स्टार, फरशीला शून्य

लातूरच्या या पोहण्याच्या तलावाबद्दल इथल्या रिव्ह्यूंमध्ये बहुतेकांनी पार्किंग आणि रविवारची गर्दी यावरच लिहिलंय. ते सगळं खरं आहे, त्यात भर घालत नाही. मी लिहितेय पहाटे साडेपाचच्या बॅचबद्दल. ऑफिसात तिला 'सीनियर बॅच' म्हणतात. माझं वय ४६, त्यामुळे कागदोपत्री मी तिथली नाही. पण बायकांची बॅच दहाला आणि मला दहाला औसा रोडवरचं मेडिकल उघडायचं असतं. "बघा मॅडम, तिथं सगळी म्हातारी माणसं आहेत," असं जरा कीव करत सांगून मॅनेजरनं पावती फाडली.

तर त्या म्हाताऱ्या माणसांविषयी. पहिल्या लेनमध्ये गणिताचे निवृत्त सर असतात, वय ७४. या काठापासून त्या काठापर्यंत २५ मीटरला त्यांचे अठरा हात लागतात. शेजारच्या लेनमधली जिमवाली पोरं तेवढ्यालाच अठ्ठावीस-तीस हात मारतात, निम्मं पाणी बाहेर उडवतात आणि काठ धरून धापा टाकत बसतात. सर एकाला म्हणाले, "पोरा, पाण्यासंगं भांडण करलालास का?" हात कमी, पल्ला जास्त, हे सरांचं गणित. आपले हात मोजायची सवय मलाही त्यांनीच लावली.

सर पोहायला शिकले ते रेणापूरकडच्या विहिरीत, पाठीला भोपळा बांधून. विहिरीत पोहलेला माणूस ओळखू येतो. डोकं वर, नजर भिंतीवर, आणि चार हात झाले की वळायची घाई. सरळ रेषेत लांब जायचं, तोंड पाण्यात ठेवायचं, श्वासापुरतं एका कुशीला वळायचं, हे सगळं त्यांनी साठीनंतर नव्यानं घोटलंय. मुटका, म्हणजे अंग मुडपून मारलेली उडी, मात्र अजून विहिरीतलाच. रविवारी कोच चहाला गेले की एक मारतात आणि भिंतीवरच्या घड्याळापर्यंत पाणी उडवतात.

दुसऱ्या आमच्या मावशी, वय ६८. गुडघे गेलेत, जमिनीवर चालताना एक हात भिंतीला असतो. आणि पाण्यात उतरल्या की बटरफ्लाय, दोन्ही हात एकदम पाण्यावरून फेकत! मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझंच पोहायचं थांबलं. त्या डॉल्फिन किक, म्हणजे दोन्ही पाय जोडून मारायची किक, मारत नाहीत, बेडकासारखे पाय मारतात. मला वाटलं हा त्यांचा घरगुती जुगाड असेल. पण मास्टर्स, म्हणजे मोठ्या वयाच्या पोहणाऱ्यांच्या, स्पर्धांच्या नियमांतच बटरफ्लायला ब्रेस्टस्ट्रोकची, म्हणजे हीच बेडकाची, किक चालते. सुरुवातही ब्लॉकवरून, म्हणजे काठावरच्या उंच चौथऱ्यावरून, सूर मारूनच करायला हवी असं नाही, काठावरून किंवा पाण्यात उतरून भिंतीला रेटा देऊन केली तरी चालते. ज्यानं हे नियम लिहिले त्यानं कधीतरी एखाद्या मावशीचे गुडघे नीट बघितलेले असणार.

या स्पर्धांचे गट वयाच्या पंचविशीपासून पाच-पाच वर्षांचे असतात आणि वय धरतात त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरचं. परिणाम असा, की आमच्या बॅचला जानेवारी लागला की माणसं खूश होतात. सर पुढच्या वर्षी ७५ ते ७९ च्या गटात जाणार, म्हणजे गटातले सगळ्यात तरुण! एरवी पंच्याहत्तरी म्हटलं की घरचे शाल-श्रीफळ आणून खुर्चीत बसवतात. कॅनडाच्या बेटी ब्रसेल यांनी जानेवारी २०२४ मध्ये ४०० मीटर फ्रीस्टाइल १२ मिनिटं ५० सेकंदांत पोहून विश्वविक्रम केला, तेव्हा त्या ९९ वर्षांच्या होत्या, पण विक्रम लागला १०० ते १०४ च्या गटात. आधीचा विक्रम जवळजवळ चार मिनिटांनी मोडला. हे मी सरांना सांगितलं तर ते बेटीबाईंच्या वयावर काहीच बोलले नाहीत. "पन्नासाला सरासरी शहाण्णव सेकंद," एवढं म्हणाले आणि गॉगल लावला. मावशींना जपानच्या मिएको नागाओका जास्त आवडतात. ऐंशीच्या आसपास गुडघ्यासाठी म्हणून पोहायला लागलेली बाई २०१५ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, १५०० मीटर पोहली. सव्वा तास लागला, सगळं बॅकस्ट्रोकनं. "सव्वा तास कुणी मला घरात उताणं पडू देईल का गं?" मावशी म्हणाल्या.

कोचना पूर्ण मार्क. ते कुणालाही 'जमेल तेवढं करा' म्हणत नाहीत. फळ्यावर सेट लिहितात, पन्नास मीटर आठ वेळा, मध्ये किती सेकंद थांबायचं तेही, आणि स्टॉपवॉच घेऊन उभे राहतात. सत्तरीच्या माणसाचा कोपर खाली पडतोय म्हणून सेट परत करायला लावणारा कोच मी दुसरीकडे पाहिला नाही. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरची चिठ्ठी मागतात. मेडिकलवाली म्हणून सांगते, ते अगदी बरोबर आहे.

आता बाकीचं. काठाची शहाबादी फरशी ओली झाली की नुसती घसरगुंडी. मावशी पाण्यात ५० मीटर बटरफ्लाय मारतात पण शॉवरपासून शिडीपर्यंत त्यांना माझा हात लागतो. शिडी भिंतीला सरळ उभी. दोन स्टीलचे कठडे आणि रबरी चटई, एवढाच खर्च आहे. मालकांना सांगून झालंय, ते 'बघू' म्हणतात. 'डोळे झोंबतात, क्लोरीन फार टाकतात' अशी तक्रार इथं बऱ्याच जणांची आहे. तो उग्र वास बहुतेक वेळा नुसत्या क्लोरीनचा नसतो. घाम आणि लघवीशी क्लोरीनचा संयोग होऊन जे तयार होतं, त्याचा असतो. पहाटेचे लोक आधी अंघोळ करून उतरतात. संध्याकाळी काय चालतं ते ज्यानं त्यानं ठरवावं.

उन्हाळ्यात टंचाई आली की तलाव बंद होतो, त्याचे स्टार मी कापणार नाही. हिशेब करून बघा. २५ मीटर लांब, १५ रुंद, सरासरी दीड मीटर खोल, म्हणजे साडेपाच लाख लिटरच्या वर पाणी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, ती दहा वाघिणींत पाच लाख लिटर घेऊन. तेव्हा घागरी घेऊन रांगेत उभं राहिलेल्या गावात कुणी तलाव कोरडा ठेवला तर मी वाद घालत नाही. फक्त उरलेल्या दिवसांची फी पुढच्या महिन्यात वळती करावी. तेवढं इथं होतं, हेही सांगायला हवं.

आता माझं काम. आमच्या लोकांना स्पर्धेत मिक्स्ड रिले उतरवायचीय. दोन पुरुष, दोन बाया. रिलेत चौघांच्या वयांची बेरीज करून गट ठरतो. सर ७४, त्यांचे दोस्त, एसटीतले निवृत्त कंडक्टर काका, ७१, मावशी ६८, झाले २१३. मी तयार होते. सरांनी मनातल्या मनात बेरीज केली आणि मला नाकारलं: "तुझ्यानं २५९ होतात. आपण २४० ते २७९ मध्ये पडतो. तिथं सगळी साठी-पासष्टीची पोरं असतात." त्यांना हवाय २८० ते ३१९ चा गट. म्हणजे चौथी बाई किमान ६७ वर्षांची पाहिजे, ३१ डिसेंबरला भरली तरी चालेल. कुठल्याही स्ट्रोकनं ५० मीटर न थांबता यायला हवं, बाकीचं कोच बघतील. लातुरात किंवा उदगीर-निलंग्याकडं अशी कुणी असेल तर पहाटे साडेपाचला पाठवून द्या. फाटकातून पहिल्या लेनपर्यंत हाताला धरून आणायला मी आहे.