४५ रुपयांचा सेल आणि ६८,५०८ रुपये

आधी आकडा सांगतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नुसतं हसायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. ६८,५०८ रुपये गेले. आणि ज्या वस्तूपायी गेले ती वस्तू म्हणजे रुपयाच्या नाण्याएवढा एक गोल सेल, किंमत ४५ रुपये.

मी अकाउंट्समध्ये ३१ वर्षं काढली आहेत. दुसऱ्यांच्या व्हाउचरमधल्या चुका शोधणं हाच माझा धंदा होता. सासऱ्यांना 'बाबा, ओटीपी कोणाला सांगायचा नाही' हे दर दिवाळीला मीच बजावत आलो. हे मोठेपणासाठी सांगत नाही. असा माणूसही फसतो, एवढंच लक्षात ठेवा आणि 'आपण नाही बुवा फसणार' म्हणायच्या आधी जरा थांबा. मीही तेच म्हणायचो.

मला रक्तदाबाची गोळी चालू आहे. डॉक्टरांनी पळायला परवानगी दिली ती एका अटीवर, ठोके १४५ च्या वर जाऊ द्यायचे नाहीत. मनगटावरचं घड्याळ उजेड पाडून ठोके मोजतं आणि चढावर, घामाघूम झालं की गोंधळतं. कधीकधी तर पावलांनाच ठोके समजतं. छातीचा पट्टा हृदयाचे विद्युत संदेश पकडतो, म्हणून तो भरवशाचा. दोन वर्षांपूर्वी ५,४९० रुपये मोजून घेतला होता. सातारा हिल हाफ मॅरेथॉनला महिना उरला होता, २१ किलोमीटर आणि त्यात यवतेश्वरचा घाट. घाई कशाची होती ते एवढ्यावरून कळावं.

शनिवारी, ३ ऑगस्ट २०२४ ला सकाळी वेताळ टेकडीवर पट्ट्याने मान टाकली. आधी ६२ वर अडकला, मग नुसत्या रेघा. सेल संपला हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं, मलाही कळलं. येताना कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातून सेल घेतला. दुकानदाराने पट्टा बघितला नाही, मी सेलवरचा आकडा बघितला नाही. 'चालतो हो, सगळे सारखेच असतात,' म्हणाला. घरी येऊन जुन्या आठ आण्याच्या नाण्याने पट्ट्याचं झाकण फिरवलं, सेल बसवला. काही नाही. उलटा घालून पाहिला. काही नाही. झालं, मी ठरवून टाकलं की आतलं यंत्रच गेलं.

मग तेच केलं जे आपण सगळे करतो. कंपनीचं नाव, बॅटरी रिप्लेसमेंट, पुणे, कस्टमर केअर, असं टाकून शोधलं. पहिलंच नाव आलं 'अधिकृत सेवा केंद्र', शेजारी कंपनीचं चिन्ह, खाली मोबाइल नंबर. हो, मोबाइल नंबर. तुम्ही काय म्हणणार ते मला माहीत आहे. पण आमच्या गॅस एजन्सीचा नंबर मोबाइलचा, वॉटर प्युरिफायरवाल्याचा मोबाइलचा, बँकेतला रिलेशनशिप मॅनेजर मोबाइलवरूनच छळतो. लँडलाइन आता उरलेत कोणाकडे? आणि सगळ्यात वर जी नावं येतात त्यांच्याजवळ बारीक अक्षरांत 'प्रायोजित' लिहिलेलं असतं. म्हणजे पैसे भरून लावलेली पाटी. ते मी नंतर वाचलं.

पलीकडचा मुलगा हिंदीत बोलला असता तर मी सावध झालो असतो, हे मी शपथेवर सांगतो. तो म्हणाला, 'नमस्कार काका, बोला.' चांगलं, स्वच्छ मराठी. मॉडेल विचारलं, कधी घेतला विचारलं, बिल आहे का विचारलं. मी सगळं सांगितलं.

मग त्याने विचारलं, 'काका, पट्टा चार्जिंगला लावून बघितला का?'

हे वाक्य मला अजून रात्री ऐकू येतं. माझ्या समोर टेबलावर तो पट्टा उघडा पडला होता. झाकण एकीकडे, रबराची बारीक रिंग एकीकडे, सेल माझ्या तळहातावर. त्या पट्ट्याला चार्जिंगचं भोकच नाही! असल्या बटन सेलला चार्जिंग नसतंच, संपला की टाकायचा. ज्या माणसाला कंपनीचा पट्टा चार्ज होत नाही हे ठाऊक नाही, तो कंपनीचा माणूस कसा असेल? एवढा साधा हिशेब. मी काय केलं असेल? मी त्याला समजावून सांगितलं. 'अहो, याला सेल असतो, चार्जिंग नसतं.' आणि वर मलाच बरं वाटलं, की बघा, आपल्याला त्याच्यापेक्षा जास्त कळतं. तो लगेच म्हणाला, 'हो हो, बरोबर काका, मी घड्याळाचं पान उघडलं होतं.' तिथेच फोन ठेवायला हवा होता. त्या क्षणापर्यंत माझा एक पैसाही गेला नव्हता.

पुढचं तुम्हाला तोंडपाठ असेल, म्हणून पटकन सांगतो. सोमवारी तंत्रज्ञ घरी येणार, त्यासाठी नोंदणी, फी फक्त १० रुपये. व्हॉट्सॲपवर 'सर्व्हिस ॲप' आलं, म्हणजे एपीके फाइल, प्ले स्टोअर सोडून थेट फोनमध्ये बसवायचं ॲप. फोनने बजावलं की हे धोक्याचं असू शकतं. काका म्हणणारा म्हणाला, 'ते सगळ्यांनाच येतं, अलाऊ करा.' केलं. ॲपने मेसेज वाचायची परवानगी मागितली. दिली. १० रुपयांसाठी डेबिट कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे भरले. ओटीपी मी कोणालाही सांगितला नाही. हे मी बँकेत तीनदा सांगितलं, इथे चौथ्यांदा सांगतो. सांगायची गरजच नव्हती. मेसेज वाचायची चावी मीच दिली होती. ते ॲप ओटीपी परस्पर तिकडे पाठवत होतं आणि माझ्या फोनवर मेसेजची टिंगसुद्धा वाजली नाही.

४:३७ ला फोन ठेवला. ४:४१ ला २४,९९९. ४:४३ ला पुन्हा २४,९९९. ४:५२ ला १८,५००. वर नोंदणीचे १० रुपये. बेरीज करून बघा, मी खूपदा केली आहे.

सहा वाजता भाजीवालीला ८० रुपये द्यायला गेलो तर पेमेंट होईना. शिल्लक अपुरी. मागे रांग, तिच्या हातात माझी मेथीची जुडी. घरी येऊन मेल उघडला तेव्हा तीन व्यवहार दिसले. आणि इथे मी दुसरी चूक केली, पहिलीपेक्षा मोठी. दीड तास कोणालाही सांगितलं नाही. त्या मुलालाच फोन लावत बसलो, कुठेतरी चूक झाली असेल, तो परत करेल. लाज वाटत होती, दुसरं काही नाही. शेवटी बायकोने विचारलं, 'अहो, पंखा न लावता घामाघूम होऊन काय बसलाय?' तेव्हा तोंड उघडलं. पैसा पहिल्या तासात एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पाचव्यात जातो. लाज नंतर वाटून घ्या. आधी फोन फ्लाइट मोडवर टाका आणि घरातल्या दुसऱ्या फोनवरून १९३० लावा.

१९३० हा सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर. बाविसाव्या मिनिटाला लागला, तोवर 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' ऐकत होतो. पण उचलणारी बाई नीट बोलली, तिने तक्रार क्रमांक दिला, हे कबूल करतो. बँकेच्या चोवीस तासांच्या नंबरावर कार्ड बंद करायला १६ मिनिटं लागली. मधे त्यांच्या यंत्राने मला गृहकर्जही देऊ केलं!

रविवारी घराजवळच्या चौकीत गेलो. साहेब नाहीत, उद्या या. सोमवारी गेलो. 'तुमचं खातं कुठल्या शाखेत? मग त्या हद्दीत जा.' तिकडे गेलो. 'राहता कुठे? मग तिकडे जा.' दोन्हीकडे एकच प्रश्न, 'एवढी नोकरी केली ना काका, मग कळलं नाही?' काका! तिसऱ्या ठिकाणी सायबरवाल्यांनी अर्ज घेतला, त्यावर शिक्का मारला, पण गुन्हा नोंदवला नाही. मला तेव्हा ठाऊक नव्हतं की हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवून घ्यावीच लागते. नवी नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, तिच्या कलम १७३ मध्ये ते लिहिलेलं आहे. कागदावर लिहून खिशात ठेवा. तोंडी सांगितलं तर ऐकत नाहीत. मी छापून नेलं तेव्हा, १९ ऑगस्टला, गुन्हा नोंदवला गेला. म्हणजे सोळा दिवसांनी.

त्यातला कळस ऐका. तिथले एक जण म्हणाले, 'आता तो नंबर बंद असणार, शोधून उपयोग नाही.' मी त्यांच्या समोरच बायकोच्या फोनवरून लावला. वाजला. 'नमस्कार, बोला.' मी फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी हाताने खूण केली, ठेवा ठेवा. आणि अर्जावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला दाखवलं नाही.

बँक त्याहून वरचढ. सोमवारीच शाखेत लेखी दिलं, पोच घेतली. (पोच घ्याच. शिक्का आणि तारीख नसेल तर तुम्ही गेलाच नव्हता.) ४१ दिवसांनी उत्तर आलं, साडेतीन ओळींचं. व्यवहार ओटीपीने प्रमाणित झाले आहेत, सबब जबाबदारी ग्राहकाची. म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी. तेव्हा रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक लागू होतं. त्यात ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर टाकलेला होता. अर्थात त्याच परिपत्रकात असंही होतं की ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झालं तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा ग्राहकाचा. बँक दुसरं वाक्य घेऊन बसली आहे, मी पहिलं घेऊन. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज केला आहे. बँकेने तक्रार फेटाळली किंवा ३० दिवसांत उत्तर दिलं नाही की तिकडे जाता येतं, वकील लागत नाही, फी नाही.

आणखी एक. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाची ऑनलाइन खर्चाची मर्यादा आपल्यालाच कमी करता येते, हवी तर बंदच ठेवता येते. माझी एक लाखावर होती. का, तर कधी उघडूनच पाहिली नव्हती. आता २,००० वर आहे. तुमची किती आहे ते आधी पाहून या, मग पुढचं वाचा.

पट्ट्याचं काय झालं, असं मुलीने आठ दिवसांनी विचारलं. तोवर तो टेबलावर तसाच उघडा पडला होता. सदाशिव पेठेतल्या एका म्हाताऱ्या घड्याळजींकडे घेऊन गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, झाकणाच्या आत बघितलं आणि माझा सेल बाजूला काढून ठेवला. 'हा २०२५ आहे. तुम्हाला २०३२ पाहिजे.' दोन्ही २० मिलिमीटर रुंद, दोन्ही तीन व्होल्टचे. पहिले दोन आकडे रुंदीचे, पुढचे दोन जाडीचे. एक अडीच मिलिमीटर जाड, दुसरा ३.२. माझा सेल पातळ पडला, पत्रीला टेकलाच नाही. यंत्राला काही झालं नव्हतं. त्यांनी पत्री पुसली, २०३२ घातला, रबराची रिंग खाचेत नीट बसवली (ती मुरडली तर घाम आत जातो), पट्ट्याचा आतला भाग पाण्याने ओला केला आणि म्हणाले, लावा. ठोके ९४. बसल्या जागी ९४, रागाने. ६० रुपये घेतले. मी शंभर देत होतो, त्यांनी चाळीस परत केले.

आकडा झाकणाच्या आत कोरलेला आहे. मी त्या दिवशी चष्मा लावला नव्हता.

जुना सेल आणि तो पातळ सेल दोन्ही मी चिकटपट्टीत गुंडाळून वर ठेवलेत. नातू येतो घरी, आणि असला सेल गिळला तर दोन तासांत अन्ननलिका जाळतो. तुमच्याकडेही खणात सुटे पडले असतील तर आज उचला.

१९३० वरच्या तक्रारीमुळे कुठल्याशा परराज्यातल्या खात्यात माझे ८,२०० रुपये गोठवले गेलेत. ते दिसतात, मिळत नाहीत. त्यासाठी मला कोर्टाचा आदेश आणायला सांगितलंय, त्यासाठी पोलिसांचा अहवाल लागतो आणि अहवालासाठी मी लागतो, दर पंधरा दिवसांनी, सकाळी अकरा वाजता.

घरखर्चाची वही मी अजून हाताने लिहितो. ऑगस्टच्या पानावर 'पट्ट्याचे सेल, ४५ + ६०' अशी ओळ आहे, दुरुस्ती या सदरात. त्याखालच्या ६८,५०८ ला कुठलं सदर द्यायचं ते मला, ३१ वर्षं हेच काम करूनही, सुचलं नाही. वैद्यकीय म्हणू, दुरुस्ती म्हणू, की दानधर्म? बायको म्हणाली, 'अक्कलखाती टाका.' मी नाही टाकले. ८,२०० येणं बाकी आहे, म्हणून ती रक्कम तूर्त पेन्सिलीने लिहून ठेवली आहे.