पुण्याची ओपीडी की व्हिडिओ कॉल? लेकीच्या ठोक्यांसाठी आम्ही काय निवडलं

मुलाला एसव्हीटी, म्हणजे हृदयाचे ठोके मधूनच अचानक फार वेगाने पळण्याचा विकार, असल्याचं निदान झालंय किंवा डॉक्टरांना तशी दाट शंका आहे, आणि पुढची वर्ष-दोन वर्षं हे सगळं कसं निभवायचं या विचारात तुम्ही आहात, असं धरून लिहितोय. त्याबद्दल याहून जास्त सांगत बसत नाही. कुणीतरी कागदावर हृदयातल्या वायरिंगचं चित्र काढून तुम्हाला ते एव्हाना समजावलं असेलच.

आम्ही सोलापूरचे. लेक आठ वर्षांची. मुलांच्या ठोक्यांचे विकार बघणारे आमचे डॉक्टर पुण्यात, म्हणजे अडीचशे किलोमीटरवर. पहिलं सव्वा वर्ष आम्ही नुसत्या ओपीडीच्या वाऱ्या केल्या. त्यानंतरचं दीड वर्ष बहुतेक सगळं व्हिडिओ कॉलवर चाललंय, मध्ये गरजेपुरतं पुण्याला जाऊन.

ओपीडीचं मोल मी कमी लेखत नाही. इको (हृदयाची सोनोग्राफी) फोनवर होत नाही, बारा लीडचा, म्हणजे छातीला आणि हातापायांना तारा लावून बारा बाजूंनी काढलेला नीट ईसीजी फोनवर निघत नाही. पहिली भेट तर समोरासमोरच व्हावी, यावर माझं मत ठाम आहे. औषध सुरू करायच्या आधीही डॉक्टरांनी आम्हाला मुद्दाम बोलावून घेतलं, कारण प्रोप्रानोलॉल हे ठोके आवरणारं औषध दम्याच्या मुलांना चालत नाही आणि तिची छाती त्यांना स्वतः तपासायची होती.

पण एका गोष्टीने मला पार जेरीला आणलं, आणि आमचा निर्णय खरं तर तिथेच झाला. ठोके पळायचे रात्री जेवताना आणि ईसीजी निघायचा ते थांबल्यावर.

एक रात्र सांगतो. लेक हातातला घास ताटात ठेवून म्हणाली, "बाबा, परत पळायला लागलं." स्कूटरवर तिला दोघांच्या मध्ये बसवून जवळच्या दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत नेलं. आधी केसपेपर. मग ईसीजी काढणारा माणूस शोधा, मग त्याने जेली शोधायची. सक्शनचे रबरी फुगे मोठ्या माणसांच्या मापाचे, ते तिच्या एवढ्याशा छातीवरून सारखे निसटत होते. एक धरावा तर दुसरा सुटतोय. अशातच ती म्हणाली, "थांबलं." कागद निघाला तो नॉर्मल, ठोके ११८, तेही रडल्यामुळे. "मुलगी घाबरलीय, शाळेत काही झालं का?" असं विचारून आम्हाला घरी पाठवलं.

असं चार वेळा झालं. पुण्यात २४ तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर बांधून सतत ईसीजी नोंदवणारं यंत्र, लावला, त्यात काहीच सापडलं नाही. तीन-चार आठवड्यांतून एकदा येणारी गोष्ट नेमकी त्या एका दिवसात कशी सापडणार? फाइल नॉर्मल ईसीजींनी जाड होत गेली आणि तिचा परिणाम पोरीवर झाला. पाचव्या वेळी तिने आम्हाला सांगितलंच नाही. पांघरूण घालताना तिच्या गळ्याशी थडथड उडणारी शीर तिच्या आईला दिसली, म्हणून कळलं. "सांगून काय होतं? तिथे गेलं की थांबतं," असं ती म्हणाली, आणि मला ते अजून विसरता येत नाही.

व्हिडिओ कॉलबरोबर डॉक्टरांनी फोनला जोडायची एक छोटी पट्टी घ्यायला सांगितली. दोन्ही हातांची बोटं त्यावर ठेवायची, ३० सेकंदांत एका लीडचा ईसीजी फोनवर येतो. पहिले दोन प्रयत्न वाया गेले, कारण तिची बोटं कोरडी होती आणि हात हलत होते. मग बोटं ओली केली, मांडीवर उशी घेऊन हात तिच्यावर टेकवले आणि रेघ स्वच्छ आली. ॲपने "वर्गीकरण झाले नाही" एवढंच लिहिलं, पण मला चौकोन मोजता येत होते. दोन ठोक्यांमध्ये जेमतेम सव्वा मोठा चौकोन. मिनिटाला असे ३०० चौकोन सरकतात, म्हणून ३०० भागिले सव्वा, म्हणजे मिनिटाला २४० ठोके. सव्वा वर्षात पहिल्यांदा पुरावा हातात आला. दुसऱ्या दिवशीच्या कॉलवर डॉक्टर म्हणाले, "हेच हवं होतं." तेव्हापासून लेक ठोके पळाले की स्वतः पट्टी मागून घेते.

दुसरा फायदा मी धरलाच नव्हता. ठोके थांबवायला १० मिलीच्या सिरिंजमध्ये जोराने फुंकायचं आणि लगेच आडवं होऊन पाय वर धरायचे, हे तिला ओपीडीत शिकवलं होतं. तिथे ती लाजून नुसती मान डोलवायची. कॉलवर स्वतःच्या पलंगावर बसून तिने करून दाखवलं, तेव्हा डॉक्टरांच्या लक्षात आलं की ती नुसते गाल फुगवतेय. "गाल नकोत बाळा, पोटातून जोर लाव. आतला दट्ट्या हलला पाहिजे." त्यानंतरच्या सहा एपिसोडपैकी चार घरीच थांबले. हे आमच्या घरापुरतं, यावरून नियम काढू नका.

खर्चाचं म्हणाल तर पट्टीची किंमत आमच्या चारेक वाऱ्यांमध्ये वसूल झाली, कारण प्रत्येक वारीत तिकिटांशिवाय दोघांच्याही रजा जायच्या. ई-संजीवनी ही फोनवर डॉक्टरी सल्ल्याची सरकारी सेवा मोफत आहे आणि साध्या आजारांना आम्ही ती वापरतो. ठोक्यांसाठी मात्र दर वेळी तेच डॉक्टर हवेत, म्हणून आम्ही त्यावर विसंबलो नाही.

आता फोनवरच्या सल्ल्याच्या उण्या बाजू. रात्री अकराला पाठवलेली रेघ डॉक्टर सकाळी बघतात, तेव्हा हे तातडीच्या मदतीचं साधन नव्हे. आमच्या डॉक्टरांनी मर्यादा घालून दिलीय: २० मिनिटांत थांबलं नाही, पोर पांढरी पडली, छातीत दुखलं किंवा चक्कर आली, तर कॉलची वाट न बघता १०८ किंवा सरळ कॅज्युअल्टी. तुमच्या मुलाची मर्यादा वेगळी असेल, ती विचारून कागदावर लिहून घ्या. रेघेचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकू नका, बारीक चौकोन पुसट होतात. ॲपमधली पीडीएफच पाठवा. औषधाचा डोस वजनावर ठरतो, म्हणून दर कॉलआधी एकाच काट्यावर वजन करतो. उलट्या होत असतील किंवा पोर जेवत नसेल, तर प्रोप्रानोलॉल देण्याआधी फोन करायचा अशी आम्हाला सूचना आहे, कारण उपाशीपोटी साखर उतरू शकते. मनगटी घड्याळाचाही विचार केला होता. पण ॲपलच्या घड्याळातली ईसीजीची सोय २२ वर्षांखालच्यांसाठी नाही असं कंपनीच सांगते, आणि तसंही तिच्या मनगटावर घड्याळ गरागरा फिरतं.

कायद्याचं फार टेन्शन घेऊ नका. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार मूल असेल तर कॉलवर सोबत मोठं माणूस हवं, आणि फोनवर भागणार नाही असं डॉक्टरांना वाटलं तर ते प्रत्यक्ष बोलावू शकतात. आमच्या डॉक्टरांनी तसं दोनदा बोलावलं, आणि त्याने माझा विश्वास वाढलाच.

काही मुलांसाठी मात्र मी हा रस्ता सुचवणार नाही. पळताना किंवा पोहताना बेशुद्ध पडलेलं मूल, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असणं, लाँग क्यूटीची (ईसीजीतलं क्यूटी हे अंतर लांबण्याचा, ठोके धोकादायक बिघडवू शकणारा विकार) शंका, हृदयाचं ऑपरेशन झालेलं मूल: इथे ओपीडीच. एका लीडच्या पट्टीवरून क्यूटीचं मोजमाप धरून चालू नये. तान्ह्या बाळांचंही तेच. त्यांना सांगता येत नाही, आणि ठोके तासन्‌तास पळत राहिले तर हृदय थकतं.

आमच्यासारखी केस असेल, म्हणजे इको नॉर्मल, मूल बोलतं-सांगतं, एपिसोड मधूनच येणारे आणि डॉक्टर लांबच्या शहरात, तर मी आधी एकदा समोर दाखवा आणि मग व्हिडिओ कॉल अधिक पट्टी घ्या म्हणेन. गाव पुण्या-मुंबईजवळ असेल तर कदाचित तुम्हाला वेगळं वाटेल. तरी पट्टी घ्याच.

साठवलेल्या नऊ रेघा समोर ठेवून गेल्या महिन्यात डॉक्टरांनी ॲब्लेशनचा, म्हणजे शिरेतून तार नेऊन हृदयातली चुकीची वायरिंग निकामी करण्याचा विषय काढला. वजन १५ किलोच्या वर गेलं की त्याचा विचार करणं सोपं जातं असं ते म्हणाले. लेक २४ किलोची आहे. मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली की करायचं ठरलंय. हे काम फोनवर होणारं नाही, तेव्हा सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसची पुण्याची तीन तिकिटं काढून ठेवलीत.