दिव्याने की स्ट्रोबने? बीटलच्या एअर-कूल्ड इंजिनाचे टायमिंग लावण्याच्या पद्धतींची तुलना

फोक्सवॅगन बीटल किंवा त्याच इंजिनावर चालणारी जुनी व्हॅन बाळगणाऱ्याला इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) स्वतः लावायचे असेल, तर साधा टेस्ट लॅम्प पुरेल की स्ट्रोब लाइट हवाच, हा निर्णय त्याला प्रथम घ्यावा लागतो. या चर्चेत अवजाराच्या अचूकतेवर नको इतका भर दिला जातो. वास्तविक उत्तर इंजिनावर बसवलेल्या डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे ठिणगीची वीज क्रमाने प्रत्येक सिलिंडरकडे पाठवणाऱ्या भागाच्या, प्रकारात असते, कारण तीच पद्धत एका डिस्ट्रिब्युटरला पूर्णपणे योग्य आणि दुसऱ्याला निव्वळ फसवी ठरू शकते.

ठिणगी पडल्यापासून सिलिंडरमधील मिश्रण पेटून दाब शिगेला पोहोचेपर्यंत थोडा वेळ जातो, म्हणून पिस्टन वरच्या टोकाला, म्हणजे टीडीसीला, पोहोचण्याच्या आधीच ठिणगी पाडावी लागते. मिनिटाला ८५० फेरे घेणाऱ्या इंजिनात क्रँकला (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला) ७.५ अंश फिरायला साधारण दीड मिलिसेकंद लागतात, आणि ३४०० फेऱ्यांना तेवढ्याच वेळात तो ३० अंश फिरतो. आयडलला (गाडी उभी असतानाच्या संथ वेगाला) ७.५ अंश आणि पूर्ण अॅडव्हान्सला (ठिणगी टीडीसीच्या जास्तीत जास्त आधी पडताना) ३० अंश हे परिचित आकडे असे एकमेकांशी जुळतात. वेग आणखी वाढला की सिलिंडरमधील खळबळीमुळे ज्वलनही वेगाने होते, त्यामुळे अॅडव्हान्स त्यापुढे वाढवत नेण्याची गरज उरत नाही.

कानाने टायमिंग लावण्याची पद्धत पहिल्याच फेरीत बाद करावी. डिस्ट्रिब्युटर अॅडव्हान्सकडे फिरवला की आयडलचा वेग वाढतो आणि इंजिन जिवंत झाल्यासारखे वाटते, त्यामुळे कानावर विसंबणारा माणूस जवळजवळ नेहमीच गरजेपेक्षा जास्त अॅडव्हान्स ठेवतो. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात अशी चूक नॉकिंगच्या, म्हणजे मिश्रण अवेळी आपोआप पेटून होणाऱ्या खडखडाटाच्या, आवाजावरून लक्षात येण्याची शक्यता असते. येथे मात्र पंख्याच्या घोंगावण्यात तो आवाज बुडतो, आणि हेड तापून पिस्टनला इजा होईपर्यंत कशाचाही पत्ता लागत नाही. गाडी एखाद्या आडवाटेवर बंद पडली असेल, तर घरी पोहोचण्यापुरता असा अंदाजपंचे उपाय क्षम्य आहे.

टेस्ट लॅम्पची पद्धत इंजिन बंद आणि थंड असताना वापरायची असते. दिव्याचे एक टोक कॉइलच्या (ठिणगीसाठी उच्च दाबाची वीज देणाऱ्या भागाच्या) १ क्रमांकाच्या टर्मिनलला, म्हणजे डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या बाजूला, आणि दुसरे टोक इंजिनाच्या उघड्या धातूला जोडावे. गाडी ६ व्होल्टची असेल तर बल्बही ६ व्होल्टचाच हवा. इग्निशन चालू केले की पॉइंट, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधील उघडझाप करणारे विद्युत संपर्क, मिटलेले असेपर्यंत दिवा विझलेला राहतो आणि ते उघडताक्षणी पेटतो. क्रँक पुली घड्याळाच्या दिशेने फिरवून तिच्यावरील योग्य खाच क्रँककेसच्या दोन अर्ध्या भागांच्या जोडरेषेवर आणावी आणि डिस्ट्रिब्युटरचा रोटर (आतला फिरता भाग) त्याच्या कडेवरील पहिल्या सिलिंडरच्या खुणेकडे आहे याची खात्री करावी. मग क्लॅम्प सैल करून डिस्ट्रिब्युटर आधी घड्याळाच्या दिशेने, पॉइंट मिटेपर्यंत, फिरवावा आणि नंतर उलट दिशेने अगदी सावकाश परत आणावा. दिवा लागला त्या बिंदूवर क्लॅम्प आवळावा.

हे वाचायला सोपे आहे, पण या पद्धतीचा कस पडताळणीत लागतो. पुली जवळजवळ अर्धा फेरा मागे नेऊन पुन्हा घड्याळाच्या दिशेनेच खाच रेषेकडे आणावी आणि दिवा नेमका केव्हा लागतो ते पाहावे. खाच रेषेच्या पुढे गेली म्हणून पुली केसभर मागे ढकलली, तर डिस्ट्रिब्युटरच्या ड्राइव्हमधील ढिलाई त्या मापात मिसळते. पुलीचा व्यास सुमारे १७५ मिलिमीटर धरला तर तिच्या काठावर एक अंश म्हणजे जेमतेम दीड मिलिमीटर असतो, तेव्हा खाचेकडे तिरकस पाहणेही महागात पडते. काळजीपूर्वक काम करणाऱ्याला मात्र या साध्या दिव्याने एखाद्या अंशाच्या आत टायमिंग लावता येते. दिवा पुन्हापुन्हा पाहत असताना इग्निशन दीर्घकाळ चालू ठेवू नये, कारण पॉइंट मिटलेले असताना कॉइल सतत तापत राहते.

कोणतीही पद्धत निवडली तरी आधी पॉइंटची फट लावावी आणि मगच टायमिंगकडे वळावे. फिलर गेजने ०.४ मिलिमीटर हे नेहमीचे माप आहे. फट वाढली की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे सरकते, कमी झाली की मागे पडते. आधी टायमिंग लावून नंतर फट सुधारणारा आपलेच काम मोडतो.

स्ट्रोब लाइट पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या वायरीला चिमट्याने जोडला जातो आणि प्रत्येक ठिणगीबरोबर चमकतो, त्यामुळे फिरती पुली स्थिर भासते. तो आयडलला वापरायचा की पूर्ण अॅडव्हान्सला, हा फरक निर्णायक आहे. आयडलला घेतलेले माप दिव्याच्या मापापेक्षा फारसे जास्त सांगत नाही. शिवाय आयडलचा वेग थोडा चढा असेल तर डिस्ट्रिब्युटरमधील, वेगाबरोबर अॅडव्हान्स वाढवणारी वजने आधीच बाहेर फेकली जाऊ लागलेली असतात आणि माप चुकते. पूर्ण अॅडव्हान्सला घेतलेले माप मात्र दिवा कधीच सांगू शकत नाही अशी गोष्ट सांगते, ती म्हणजे इंजिनावर भर वेगात प्रत्यक्ष काय बेतते आहे. दिव्याने अचूक ७.५ अंश लावलेल्या जुन्या डिस्ट्रिब्युटरच्या स्प्रिंगा सैल झाल्या असतील, तर वजने वेळेआधी उघडतात. वजनांची हालचाल थांबवणारा टप्पा झिजला असेल, तर तोच डिस्ट्रिब्युटर वरच्या टोकाला ३५ अंशांपलीकडेही जाऊ शकतो.

या मापासाठी पुलीवर ३० अंशांची खूण लागते, आणि मूळ पुलीवर ती नसते. पुलीचा घेर मोजून त्याला बाराने भागले की ते अंतर मिळते. १७५ मिलिमीटर व्यासाच्या पुलीवर ते जवळपास ४६ मिलिमीटर भरते. टीडीसीची खूण वर जोडरेषेवर असताना पुलीकडे तोंड करून उभे राहिल्यास नवी खूण तिच्या उजवीकडे यायला हवी. डावीकडे काढलेली खूण टीडीसीच्या नंतरचे अंश दाखवते, आणि पांढऱ्या रंगाने मोठ्या निगुतीने नेमकी हीच चुकीची खूण काढलेली पाहायला मिळते. इंजिन गरम झाल्यावर वेग हळूहळू ३००० ते ३५०० फेऱ्यांपर्यंत न्यावा आणि खूण पुढे सरकण्याची थांबली की तेथे वाचन घ्यावे. त्या वेळी खूण एका जागी न ठरता थरथरत असेल, तर डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टची बुश झिजली असल्याचा संशय घ्यावा. हा दोषही दिव्याला दिसत नाही. अर्थात फिरता पट्टा आणि पुली यांच्याजवळ वाकून काम करावे लागते, तेव्हा सैल बाह्या आणि लोंबत्या वायरी आधीच आवरून घ्याव्यात.

आता डिस्ट्रिब्युटर पाहू. केवळ वजनांवर चालणारा, बॉशचा प्रसिद्ध ००९ किंवा त्याच्या धर्तीवरचा असेल, तर पूर्ण अॅडव्हान्सचे माप हेच खरे माप मानावे आणि ते २८ ते ३२ अंशांच्या दरम्यान ठेवावे. आयडलला जे काही उरेल ते उरू द्यावे. याच्या उलट, साठच्या दशकातील अनेक मूळ डिस्ट्रिब्युटर फक्त व्हॅक्यूमवर (चालू इंजिनाने नळीतून हवा ओढल्याने होणाऱ्या खेचीवर) चालतात आणि त्यांत वजनेच नसतात. अशा डिस्ट्रिब्युटरची नळी काढून कितीही वेग दिला तरी अॅडव्हान्स वाढत नाही. स्ट्रोबखाली खूण हलत नाही हे पाहून एखाद्याने डिस्ट्रिब्युटर ३० अंशांपर्यंत फिरवला, तर आयडललाच ३० अंश अॅडव्हान्स मिळून इंजिनाचे हाल होतील. येथे दिवा हीच योग्य निवड आहे, आणि त्याच्या जोडीला नळी तोंडाने ओढून आतली पाटी सरकते का ते पाहणे पुरेसे आहे.

तिसरा प्रकार १९७१ ते १९७३ च्या सुमारास अमेरिकेसाठी बनलेल्या १६०० सीसी इंजिनांचा. त्यांच्या डिस्ट्रिब्युटरला दोन व्हॅक्यूम नळ्या असतात आणि त्यांपैकी एक आयडलला टायमिंग मुद्दाम मागे ओढते, म्हणून कारखान्याचे माप टीडीसीच्या नंतर ५ अंश असे आहे आणि ते दोन्ही नळ्या जोडलेल्या असताना घ्यायचे असते. बंद इंजिनात व्हॅक्यूमच नसल्याने दिव्याने हे माप लावणे तत्त्वतःच अशक्य आहे. आयडलचा स्ट्रोब खरोखर उपयोगी पडतो तो येथे. हाच आकडा ००९ ला लावला, तर गाडी ओढत नाही आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह विनाकारण तापतात.

तिसऱ्या सिलिंडरची बाब दिवा वापरणाऱ्याने विशेष लक्षात ठेवावी. या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर (सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा क्रम) १-४-३-२ असल्याने पुलीवरील खाच पहिल्या सिलिंडरला जशी जुळते तशीच एका पूर्ण फेऱ्यानंतर तिसऱ्यालाही जुळते. अनेक मूळ डिस्ट्रिब्युटरमध्ये तिसऱ्याची ठिणगी काही अंश उशिरा पडेल अशी कॅम घडवलेली असते. याचे नेहमीचे स्पष्टीकरण असे की पंख्याच्या आवरणातील ऑइल कूलर त्या सिलिंडरकडे जाणारा वारा अडवत असे. १९७१ पासून कूलर बाजूला सरकवला गेला. रोटर न पाहता तिसऱ्यावर टायमिंग लावल्यास पहिला सिलिंडर तेवढेच अंश जास्त अॅडव्हान्स होतो.

पॉइंट काढून हॉल सेन्सरचे (चुंबकाच्या फेऱ्यावर चालणारे इलेक्ट्रॉनिक) मॉड्यूल बसवले असेल, तर दिव्याचा पर्याय जवळजवळ संपतोच, कारण इंजिन बंद असताना इग्निशन चालू ठेवल्याने मॉड्यूल किंवा कॉइल जळू शकते. डायलवर अंश फिरवता येणारा स्ट्रोब घेण्याचा विचार असेल आणि गाडीत एकाच वेळी अनेक ठिणग्या पाडणारे इग्निशन असेल, तर त्या स्ट्रोबचे वाचन भरकटू शकते. तेथे साधा स्ट्रोब आणि पुलीवर रंगवलेली खूण अधिक भरवशाची. सिट्रोएन टू-सीव्हीच्या मालकाला मात्र हा प्रश्न पडतच नाही. तिचे पॉइंट पंख्याच्या मागे असल्यामुळे चालू इंजिनात त्यांना हात लावता येत नाही, म्हणून क्रँककेसच्या भोकातून फ्लायव्हीलमध्ये ६ मिलिमीटरची सळई घालून दिव्यानेच काम भागवावे लागते.

एकच अवजार घ्यायचे असेल आणि डिस्ट्रिब्युटर वजनांचा असेल, तर स्ट्रोब घ्यावा. मूळ व्हॅक्यूमचा डिस्ट्रिब्युटर आणि पॉइंट शाबूत असतील, तर दिवा पुरेसा आहे. डिस्ट्रिब्युटर कोणता आहे हेच ठाऊक नसेल, तर झाकण काढून रोटर बोटाने घड्याळाच्या दिशेने थोडा फिरवून सोडावा. तो स्प्रिंगच्या जोराने झटकन मागे आला तर आत वजने आहेत आणि मोकळी आहेत. आळसाने आला किंवा मध्येच अडकला, तर टायमिंग लावण्याआधी डिस्ट्रिब्युटर उघडून साफ करून त्यात तेल घालावे. मुळीच फिरला नाही तर वजने गंजून जाम झालेली असू शकतात किंवा तेथे मुळात नसतातच, तेव्हा बाजूला व्हॅक्यूमची डबी आहे का ते पाहावे आणि अंगावर कोरलेला क्रमांक वाचून खात्री करावी.