शब्बाथचा सूर्यास्त मोजायला नोआचं सोलर कॅल्क्युलेटर: कुठे भरवसा ठेवावा, कुठे नाही

‘नोआ’ (NOAA) या समुद्र आणि हवामानाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन सरकारी संस्थेचं सोलर कॅल्क्युलेटर फुकट आहे, खातं उघडायला लागत नाही आणि हिशेब कसा केला तेही उघडपणे मांडलेलं आहे. सातव्या दिवसाचा शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा पवित्र दिवस, पाळणाऱ्या ख्रिस्ती माणसाला ते लागतं, कारण त्याचा दिवस मध्यरात्री बदलत नाही: शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत. बायबलात लेवीय २३:३२ मध्ये प्रायश्चित्ताचा दिवस संध्याकाळपासून संध्याकाळपर्यंत सांगितला आहे. नहेम्या १३:१९ मध्ये शब्बाथच्या आधी अंधार पडू लागताच यरुशलेमेच्या वेशी बंद होतात, आणि मार्क १:३२ मध्ये लोक आजाऱ्यांना येशूकडे आणतात ते सूर्य मावळल्यावर. शब्बाथ पाळणाऱ्या ॲडव्हेंटिस्टांपैकी (ख्रिस्ताच्या पुनरागमनाची वाट पाहणारा ख्रिस्ती पंथ) अनेक जण १८५५ पर्यंत संध्याकाळी सहा ते सहा असा दिवस धरत. त्या वर्षी त्यांच्यातल्याच जे. एन. अँड्र्यूज यांनी वचनांचा अभ्यास मांडला आणि सूर्यास्त ठरला. ते योग्यच झालं. घड्याळातले सहा आणि सूर्यास्त यांची गाठ वर्षातून थोडेच दिवस पडते.

वेबपानापेक्षा आम्ही नोआची एक्सेल शीट वापरायचा सल्ला देऊ, कारण मंडळीसाठी वर्षभराचा तक्ता तिच्यातून निघतो. बी३ मध्ये अक्षांश, बी४ मध्ये रेखांश, बी५ मध्ये टाइम झोन भरायचा. उत्तर आणि पूर्व अधिक, दक्षिण आणि पश्चिम उणे. पश्चिम रेखांशाची उणे खूण विसरणं ही नेहमीची चूक, आणि तिने वेळ काही तासांनी सरकते. वर्षाच्या शीटमध्ये दर दिवसाला एक ओळ असते. शेजारी वीकडे फंक्शनचा कॉलम घाला: ६ आला की शुक्रवार, ७ आला की शनिवार. फिल्टर लावला की झालं. उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करणाऱ्या देशांत मात्र त्या महिन्यांसाठी टाइम झोनमध्ये १ मिळवून वेगळा तक्ता काढावा लागतो. शीट हे आपणहून करत नाही. १९०१ ते २०९९ या मर्यादेबाहेरच्या तारखाही तिला देऊ नयेत.

आता खरा मुद्दा. सूत्रात ९०.८३३ अंश हा आकडा बसवलेला आहे: थेट डोक्यावरच्या बिंदूपासून मावळत्या सूर्यापर्यंतचा कोन. सूर्याची वरची कड क्षितिजाखाली गेली की सूर्यास्त, असं त्यात धरलं आहे: १६ कला (६० कला म्हणजे एक अंश) सूर्याच्या अर्ध्या बिंबासाठी आणि ३४ कला हवेतून प्रकाश वाकतो त्यासाठी. हे ३४ सरासरी आहेत. थंडी, उष्मा आणि हवेचा दाब यांनी ते बदलतात, म्हणून शीटमध्ये दिसणाऱ्या सेकंदांवर कुणी वाद घालू नये. ७२ अंश अक्षांशापर्यंत मिनिटभराची अचूकता असल्याचं नोआ सांगते, तीही सपाट, मोकळ्या क्षितिजासाठी. १०० मीटर उंचीवरून समुद्राकडे पाहणाऱ्याला क्षितिज साधारण १८ कला खाली दिसतं. विषुववृत्तावर त्याचा सूर्यास्त मिनिटभर उशिरा होतो, ६० अंशांवर दोन मिनिटांहून जास्त. रेखांशात एका अंशाची चूक म्हणजे थेट चार मिनिटं. मोठ्या शहराच्या मध्याचे आकडे घेऊन दूरच्या गावाला तक्ता वाटला, तर घोळ इथेच होतो.

दोन टोकांच्या चुका सारख्या नाहीत, हे तक्ता छापणारे बरेचदा विसरतात. शुक्रवारी काम पाच मिनिटं आधी थांबलं तर काही बिघडत नाही. शनिवारी पाच मिनिटं आधी दुकान उघडलं तर मोडला तो शब्बाथच. म्हणून शुक्रवारची वेळ खालच्या मिनिटाला आणि शनिवारची वरच्या मिनिटाला नेऊन छापा. दोन्हीकडे दहा मिनिटं सोडली तर उत्तमच. पश्चिमेला डोंगर असेल तर सूर्य त्याआड गेला म्हणून शनिवार संपला असं धरू नका.

उत्तरेला ही शीट हात टेकते. नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला उन्हाळ्यात दोन महिने सूर्य मावळतच नाही, तेव्हा वेळेच्या जागी एक्सेलची त्रुटीची खूण उमटते. शीट बिघडलेली नसते. मावळतीच नाही तर वेळ कुठून काढणार?

त्याहून कठीण प्रश्न प्रशांत महासागरातल्या टोंगा आणि सामोआ या बेटदेशांचा. टोंगा १८० रेखांशाच्या पूर्वेला असूनही वाररेषेच्या (जिथे वार बदलतो ती आंतरराष्ट्रीय रेषा) पश्चिमेकडचा वार पाळतो, म्हणून तिथले ॲडव्हेंटिस्ट रविवार म्हणवल्या जाणाऱ्या दिवशी शब्बाथ पाळतात. सामोआने २०११ मध्ये ३० डिसेंबरचा शुक्रवार कॅलेंडरमधून गाळला: गुरुवारनंतर थेट शनिवार. त्यावरून तिथल्या ॲडव्हेंटिस्टांत दोन पक्ष पडले. सूर्यास्ताचं मिनिट दोघांनाही हवं तेवढं मिळेल; सातवा दिवस कोणता, हे कॅल्क्युलेटर सांगू शकत नाही.

मग शब्बाथ पाळणं ख्रिस्ती माणसाला बंधनकारक आहे का? पाळणारे उत्पत्ती २:२-३ आणि निर्गम २०:८-११ दाखवतात: ही आज्ञा देवाच्या सृष्टिनिर्मितीच्या कामावर उभी आहे, एकट्या इस्राएलावर नाही. दुसरी बाजू निर्गम ३१:१६-१७ दाखवते, जिथे शब्बाथ देव आणि इस्राएल यांच्यातली खूण आहे. प्रेस्बिटेरियन मंडळ्यांचा वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकार आठवड्याचा पहिला दिवसच ख्रिस्ती शब्बाथ मानतो, तर लूथरन मंडळ्यांच्या ऑग्सबर्ग विश्वासांगीकाराच्या २८ व्या कलमात कोणताच दिवस तारणासाठी आवश्यक नाही. आमच्या मते प्रेषितांची कृत्ये १५ निर्णायक आहे. परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांवर काय लादायचं याचीच तिथली बैठक होती, आणि तिने पाठवलेल्या पत्रात शब्बाथ नाही. रोमकरांस १४:५ प्रत्येकाची स्वतःच्या मनात खात्री असावी एवढंच मागतं, आणि कलस्सैकरांस २:१६ शब्बाथावरून कुणाला दोषी ठरवू देत नाही.

म्हणून तक्त्याच्या डोक्यावर ठिकाण, टाइम झोन आणि ‘मोकळं क्षितिज धरून’ एवढं लिहा, आणि तो मागणाऱ्यालाच द्या. न पाळणाऱ्या भावाच्या दाराला चिकटवू नका.