साडेआठशेची डबी: ओबीडी स्कॅनर नऊ महिने वापरल्यावर

गेल्या दिवाळीच्या तोंडावर, सोयाबीन घरात आलं त्याच आठवड्यात हा स्कॅनर मागवला. काडेपेटीहून थोडा मोठा, निळा, ८५० रुपये. स्टेअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं, त्यात खोचायचा, मोबाईलशी ब्लूटूथने जोडायचा आणि गाडीचा कॉम्प्युटर मनात काय धरून बसलाय ते वाचायचं. आता पेरण्या आटोपल्यात, म्हणून निवांत लिहितो आहे.

मागवायची वेळ का आली, ते आधी सांगतो. गाव आर्वी तालुक्यात, गाडी बीएससिक्स (प्रदूषणाच्या नव्या नियमांतली) डिझेल, आणि कंपनीचं सर्व्हिस सेंटर नागपूरला. म्हणजे जाऊन-येऊन दोनशे किलोमीटरच्या घरात आणि एक दिवसाची मजुरी पाण्यात. एके दिवशी पिवळा दिवा लागला अन् गाडीचा दमच गेला. चाळीसच्या वर जाईना. कशीबशी नागपूरला नेली. तिथे लॅपटॉप जोडला, पाच मिनिटं पाहिलं आणि सांगितलं, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) गेला, पूर्ण बदलावा लागेल. आकडा असा होता की पुढ्यातला चहा तसाच राहिला. मी विचारलं, बिघाडाचा कोड काय आला? "तो आमच्या सिस्टीममध्ये असतो सर, कस्टमरला देत नाही." गाडी माझी, बिघाड माझ्या गाडीचा, पण त्याचं नाव मला सांगायचं नाही!

तशीच हळूहळू गाडी घरी आणली आणि रात्री ही डबी मागवली.

चौथ्या दिवशी कोड वाचला: पी२४५३. हा कोड फिल्टर भरल्याचा नाही. डीपीएफच्या आधी आणि नंतर एकेक बारीक पाईप निघतो, ते दोन्ही एका सेन्सरला जातात, आणि दोन्हीकडच्या दाबातल्या फरकावरून काजळी किती साचली ते कॉम्प्युटर ठरवतो. पी२४५३ म्हणजे त्या सेन्सरचं माप पटण्यासारखं नाही. काजळीच साचली असती तर पी२४६३ आला असता. हे मी इंजिनिअर म्हणून सांगत नाही, शोधून वाचलं.

गावच्या मिस्त्रीला मोबाईल दाखवला. तो गाडीखाली शिरला आणि दोन मिनिटांत हसत बाहेर आला. "भाऊ, उंदरानं कातरला जी पाईप! तुमच्या फिल्टरले काहीच नाही झालं." आमची गाडी ढेपेच्या पोत्यांशेजारी उभी असते, त्यामुळे उंदराचाही फार दोष नाही. आर्वीहून उष्णता सोसणारा पाईप आणला (साधा रबरी चालत नाही, वितळतो), दोन क्लिपा, मिस्त्रीचे दोनशे. सगळं मिळून चारशेच्या आत. डबीतून कोड पुसला, दिवा गेला, दम परत आला. डबीचे पैसे त्याच दिवशी वसूल झाले.

पण डीपीएफचा मूळ त्रास वेगळाच आहे, आणि गाडी विकताना तो कोणी सांगत नाही. फिल्टरमधली काजळी जाळायला आत साधारण सहाशे अंश तापमान लागतं, आणि तेवढं तापायला गाडी सलग वीसेक मिनिटं वेगात चालावी लागते. आमचं चालणं कसं? घर ते शेत तीन किलोमीटर, शेत ते बाजार पाच. फिल्टर कोमट होतो न होतो तोच गाडी बंद. आता मी महिन्यातून एकदा येळाकेळीहून समृद्धी महामार्गावर चढतो आणि नव्वदने अर्धा तास चालवतो. अ‍ॅपमध्ये एक्झॉस्टचं, म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराचं, तापमान चढताना दिसलं की समजायचं, काजळी जळते आहे. बायको याला गाडीला फिरायला नेणं म्हणते. टोल भरून.

उन्हाळ्यातही कामी आला. मे महिन्यात दुपारी एसी लावला की कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं) तापमान ९४ वरून १०५ वर जायचं आणि तिथेच रेंगाळायचं. डॅशबोर्डचा काटा तेव्हाही मधोमधच! पंखा चालू करणारा स्विच, म्हणजे रिले, अडखळत होता. काट्याच्या भरवशावर राहिलो असतो तर अमरावतीच्या रस्त्यात कुठेतरी वाफ निघाली असती.

आता दुसरी बाजू. ही डबी कोड वाचते, पुसते, पण कॉम्प्युटरमध्ये नवं काही लिहीत नाही. प्रदूषणाशी संबंधित कोड सगळ्या गाड्यांत एकाच भाषेत असतात, कारण तसा नियम आहे. अमेरिकेत १९९६ पासून, आपल्याकडे एप्रिल २०१३ पासून. म्हणून शेजाऱ्याच्या गाडीलाही हीच डबी चालते. त्यापलीकडचं सगळं कंपनीच्या कुलपात. एप्रिलमध्ये तिसऱ्या सिलिंडरचा इंजेक्टर (आत डिझेल फवारणारा भाग) गेला. मिस्त्रीने नवा बसवला, नट कसले, गाडी सुरूही झाली, पण थडथड काही जाईना. प्रत्येक इंजेक्टरवर स्वतःचा एक कोड कोरलेला असतो, तो इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये टाकावा लागतो, तेव्हा कुठे डिझेल नीट मोजून येतं. कोड डोळ्यांसमोर, स्पॅनर हातात, आणि दहाबारा अक्षरं टाकायला नागपूर! मिस्त्री म्हणाला, "तीस वर्षं झाली हात काळे करून, आता पासवर्ड नाही म्हणून घरी बसू का जी?" त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सर्व्हिस सेंटरवाल्यांनी वर सुनावलं, बाहेर हात लावला तर वॉरंटी जाईल. घरी येऊन वाचलं. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता, तो याच कारणासाठी: सुटे भाग आणि तपासणीची यंत्रं बाहेरच्या गॅरेजला मिळू न देणं. बाहेर काम केलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द अशी अट घालू नका, असंही त्या आदेशात होतं. कंपन्या अपिलात गेल्या. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टू रिपेअर' पोर्टल काढलं, त्यात मोबाईल आणि घरगुती उपकरणांसोबत वाहनं आणि शेतीची अवजारंही आहेत. पोर्टलवरून माहिती मिळते, आमच्या मिस्त्रीच्या हातात यंत्र काही येत नाही.

आणि एक. डीपीएफचं ऐकून एकाने सल्ला दिला, फिल्टर पोकळ करून घ्या, सॉफ्टवेअरही बदलून देतो, दिवा पुन्हा लागणार नाही, पिकअपही वाढेल. नाही केलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये असा फेरफार बसत नाही, आणि १८२अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार दंड होऊ शकतो. कायदा बाजूला ठेवला तरी ती काजळी अंगणात खेळणाऱ्या माझ्याच पोरांच्या नाकात जाणार. मला इंजेक्टरचा कोड टाकायची मुभा हवी आहे, धूर सोडायची नाही. पण कुलूप दोन्हीला एकच लावलंय, आणि ते उघडणारा चोरवाटेचा माणूस नागपूरपेक्षा जवळ भेटतो.

डबीचे दोष. सॉकेटात खोचून ठेवली की गाडी बंद असतानाही बॅटरी पीत राहते. साळ्याच्या लग्नाला नऊ दिवस गेलो, परत येतो तर गाडी ढिम्म. ट्रॅक्टरच्या बॅटरीने वायरी लावून सुरू केली. बाजारात याच्या नकलाही भरपूर. मिस्त्रीने त्याच्यासाठी चारशेची घेतली, ती निम्म्या गाड्यांना ओळखतच नाही. ट्रॅक्टरवर वापरू म्हणाल तर आमच्याकडचे बहुतेक पन्नास एचपीच्या आतले, त्यांत कॉम्प्युटरच नाही. सुखी आहेत.

पाचपैकी चार तारे. एक बॅटरीसाठी कापला. लिहू देत नाही म्हणून आणखी एक कापणार होतो, पण तो दोष या साडेआठशेच्या डबीचा नाही.