कार्निव्हलचा जांभळा अर्धमुखवटा: घ्यावा, पण इलॅस्टिक बदलून

पणजीच्या कार्निव्हलआधी एका स्टॉलवर मिळणारा हा कागदी लगद्याचा मुखवटा अत्याचारपीडितांच्या पाठिंब्यासाठी आहे. रंगाची निवड चोख. कौटुंबिक हिंसाचारविरोधी मोहिमांचा रंग जांभळाच, आणि अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या ‘मार्दी ग्रा’ या कार्निव्हलमध्ये मिरवणूक काढणाऱ्या रेक्स मंडळाने १८९२ साली जांभळ्याला न्यायाचा अर्थ दिला. तोंड मोकळं ठेवलंय, तेही योग्यच. बोलायला सांगणाऱ्या मोहिमेत तोंड झाकणारा मुखवटा शोभला नसता.

घोळ बांधणीत आहे. इलॅस्टिक स्टेपलरच्या पिनांनी ठोकलंय. घामाने लगदा मऊ पडला की पिन सुटते, कानशिलाला बोचते. पिना काढा, कडेपासून एक सेंटिमीटर आत भोक पाडा, मागून कापडाची पट्टी फेविकॉलने चिकटवून रात्रभर वाळवा, मगच गाठ मारा. आतून वॉर्निशचा हात दिला तर शनिवार ते मंगळवार असा सगळा कार्निव्हल निभावतो. डोळ्यांभोवतीची चमकी मात्र खरवडून टाका.

आतल्या बाजूला १८१ (महिला), १०९८ (बालक) हे हेल्पलाइन क्रमांक आहेत. पोस्टर कलरने लिहिल्यामुळे ते घामाने पसरतात. शिवाय, जिच्या घरातच मारहाण होते तिला असा मुखवटा घरी नेणं धोक्याचं. तिच्यासाठी बिनक्रमांकाचाही ठेवायला हवा होता.